संत्र्यांची रास, तेरावे संत्रे आणि ‘शोध’ हा शब्द : गणित सापडते की घडवले जाते?

शून्यमैल

माझ्या मुलीच्या शाळेत गेल्या पंधरवड्यात वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय हिंदीत कळवला होता : ‘गणित : खोज या आविष्कार’. नागपुरात अशा सूचना हिंदीतून येतात आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मुलीला मराठीतून बोलायचे होते, म्हणून तिने मला शीर्षकाचे मराठी करून मागितले आणि अकरावी-बारावीला वीस वर्षे गणित शिकवूनही मी तेथेच अडखळले. मराठीत कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला आणि बेलने टेलिफोनचाही शोधच लावला. आधीपासून असलेले सापडणे आणि मुळात नसलेले घडवणे, या दोन्हींना आपण एकच क्रियापद लावतो. ‘आविष्कार’ म्हणावे तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कलाविष्कार येतो, आगगाडीचे इंजिन येत नाही. शेवटी ‘गणित सापडते की घडवले जाते?’ असे लिहून दिले. तिचे भाषण होऊन गेले, मला मात्र प्रश्न सोडेना, म्हणून हा धागा.

माझे मत आधीच सांगून टाकते. व्याख्या आपण घडवतो; परंतु व्याख्या एकदा केली की तिच्यातून काय निघेल यावर आपला ताबा राहत नाही, आणि जे निघते ते सापडलेलेच असते. उदाहरण आपल्या गावचेच घेऊ. मृग बहाराची संत्री आली की गोकुळपेठेच्या बाजारात हातगाड्यांवर राशी लागतात. एक विक्रेता चौकोनी पायावर रास लावतो, म्हणजे वरचे प्रत्येक संत्रे खालच्या चार संत्र्यांमधल्या खळग्यात बसते. त्याच्या शेजारचा त्रिकोणी पायावर लावतो, म्हणजे वरचे संत्रे तिघांमधल्या खळग्यात बसते. दोन्ही राशी अगदी वेगळ्या वाटतात. पण चौकोनी राशीच्या उतरत्या बाजूकडे डोके थोडे कलते करून पाहावे : तेथे संत्री त्रिकोणी जाळीतच बसलेली असतात, आणि आत शिरून पाहता आले तर रचना तीच आहे, फक्त कललेली. दोघांनी एकमेकांना विचारले नाही, वेगवेगळ्या पायांपासून सुरुवात केली आणि दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले.

या रचनेत जागेचा सुमारे ७४.०५ टक्के भाग गोलांनी भरतो. याहून दाट रचना होऊच शकत नाही, असे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये लिहून ठेवले, परंतु सिद्धता दिली नाही. ओळीत नियमाने मांडलेल्या गोलांपुरते गाउसने १८३१ मध्ये ते सिद्ध केले. वेड्यावाकड्या मांडण्यांसह संपूर्ण सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली आणि ती संगणकावर इतकी अवलंबून होती की बारा परीक्षकांच्या मंडळाने काही वर्षे खपून ‘आम्हाला ९९ टक्के खात्री आहे’ एवढेच सांगितले. मग हेल्स यांनी प्रत्येक पायरी संगणकाकडून तर्काच्या मूळ नियमांपर्यंत तपासून घेण्याचे काम हाती घेतले आणि ते २०१४ मध्ये पुरे झाले. चारशे वर्षे जी गोष्ट कुणाच्या हाती लागत नव्हती, ती कुणी घडवली असे कसे म्हणावे?

कळमना

शून्यमैल ताई, आमच्या घरी तीन पिढ्या संत्र्यांचा व्यापार आहे, त्यामुळे पहिला आक्षेप मीच घेतो. गाडीवरचा माणूस रास लावताना जागा किती भरली हे पाहत नाही. रास घसरू नये, गिऱ्हाइकाला लांबून दिसावी आणि तळच्या फळावर इतका भार येऊ नये की संध्याकाळपर्यंत ते मऊ पडेल, एवढेच तो पाहतो. संत्रे खळग्यात तो बसवत नाही, हात सोडला की ते स्वतःच बसते. म्हणजे दोघे एकाच ठिकाणी पोहोचले याचे श्रेय वजनाला आहे, गणिताला किती ते तुम्ही ठरवा.

दुसरे असे की नागपुरी संत्रे गोल नसतेच. देठाकडून आणि खालून ते दबलेले असते. मी आत्ता समोरचे एक मोजले : रुंदी ७ सेंटिमीटर, उंची ६ सेंटिमीटर. तुमचा केप्लर आमच्या मालाला लागू होतो का?

अंबाझरी

कळमना यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी संगणकाच्या आज्ञावली लिहून पोट भरतो आणि माझे मत ताईंच्या उलट आहे. निसर्गात गोल कोठेच नाही. ‘एका बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच’ ही वस्तू आपण मनाने तयार केली, तिला नियम लावले आणि मग त्या नियमांतून ७४.०५ टक्के हा आकडा निघाल्यावर तो सापडला म्हणून आनंद केला. आपणच कपाटात ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढावी आणि तिला शोध म्हणावे, तसा हा प्रकार आहे. शोधायला चारशे वर्षे लागली, यावरून कपाट मोठे होते एवढेच सिद्ध होते. मी लिहिलेल्या आज्ञावलीतील चूकही मला कधी कधी सहा महिन्यांनी सापडते. म्हणून ती आज्ञावली माझ्या आधीपासून अस्तित्वात होती असे मी म्हणत नाही.

उंट तिरपा

अंबाझरी यांचा मुद्दा बुद्धिबळाने अधिक स्पष्ट होईल असे वाटते, आणि दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आपल्या गावात बुद्धिबळाचे उदाहरण द्यायला संकोच करण्याचे कारण उरलेले नाही. हा खेळ माणसाने घडवला याबद्दल वाद नाही. वजिराला आजची मोकळी चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली आणि आमच्या आजोबांच्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. नियम बदलत आले आहेत. तरीही आजच्या नियमांनुसार एकट्या राजावर फक्त दोन घोडे आणि राजा घेऊन सक्तीने मात करता येत नाही, उंट आणि घोडा घेऊन मात्र करता येते. असे असावे हे कुणी ठरवले नव्हते आणि ज्यांनी घोड्याची अडीच घरे ठरवली त्यांना याची कल्पनाही नसावी.

म्हणून ताईंचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, निष्कर्ष सापडतात. पण ते तर घडवलेल्या खेळातही सापडतात. मग गणित हे एक मोठे बुद्धिबळ आहे असे मानायला काय हरकत आहे? सापडते की घडते, यापेक्षा गणित बुद्धिबळाहून वेगळे कशामुळे, हे विचारल्यास चर्चा पुढे सरकेल.

हिंगणघाट

उंट तिरपा यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या गावात पुरलेले आहे, आणि हे मी अक्षरशः म्हणतो. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (म्हणजे जिच्या लांबीवरून पुढचे त्रिकोण काढतात ती पहिली रेषा) मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे येताना, हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कबर तेथेच आहे. त्याला केवळ नकाशा काढायचा नव्हता. पृथ्वी ध्रुवांकडे नेमकी किती चपटी आहे हे त्याला रेखावृत्ताचा कंस मोजून ठरवायचे होते. कळमना यांनी संत्र्याची रुंदी आणि उंची मोजली, लॅम्बटनने पृथ्वीची मोजायला घेतली. त्याच्यामागून सर्वेक्षणाची धुरा घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीला जो आकार बसवला, त्यात हा चपटेपणा सुमारे तीनशेत एक भाग येतो.

आता मुद्दा. तो आकार लंबवर्तुळ फिरवून मिळतो. लंबवर्तुळाचा सविस्तर अभ्यास ग्रीक गणिती अपोलोनियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, शंकू तिरपा कापला तर कोणती वक्ररेषा मिळते या कुतूहलापोटी केला होता. त्याच्या डोळ्यांपुढे ना ग्रहांची कक्षा होती ना पृथ्वीचा आकार. केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये मांडले, म्हणजे अठराशे वर्षांनंतर. बुद्धिबळातील घोड्याच्या चालीने जाणारा ग्रह अजून कुणाला दिसलेला नाही. गणित नुसता खेळ असता, तर खेळाच्या पेटीतली सोंगटी अशी आकाशात आणि जमिनीत जाऊन बसली नसती.

तसाच आणखी एक तपशील. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे आपण सातवी-आठवीत घोकतो. सर्वेक्षणाच्या माणसांना मात्र ही बेरीज थोडी जास्त धरावी लागे, कारण त्यांचे त्रिकोण वक्र पृथ्वीवर असत. त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस किलोमीटर असेल, तर बेरीज एका विकलेने वाढते. अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग म्हणजे विकला. इतक्याशा फरकाचाही हिशेब ते ठेवत. १८० अंश हे सपाट कागदाचे सत्य आहे, वर्धा जिल्ह्याच्या जमिनीचे नाही.

अंबाझरी

हिंगणघाट, आपले शेवटचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. युक्लिडची भूमिती दोन हजार वर्षे सापडलेले सत्य म्हणून मिरवली आणि एकोणिसाव्या शतकात बोल्याई व लोबाचेव्हस्की यांनी समांतर रेषांचे गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, हे) बदलून दुसरी, तितकीच निर्दोष भूमिती उभी केली. मग सापडलेली कोणती? दोन्ही घडवलेल्या आहेत, आणि जेथे जी उपयोगी पडेल तेथे ती आपण वापरतो. चावी कुलुपाला बसली, म्हणजे ती खाणीतून चावीच्याच आकाराची निघाली असे होत नाही. आणि न बसलेल्या हजार चाव्या कुणी मोजत नाही.

पाटी पेन्सिल

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’ऐवजी ‘वीस तीन’ वाचायचे असे आले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. नाव घडवलेले असते, त्यामुळे ते बदलता येते आणि त्यावर भांडताही येते. परंतु वीस तीन म्हटल्याने तेवीस चिंचोक्यांच्या दोन सारख्या वाटण्या कुणाला करता आल्या नाहीत. माझ्यापुरता प्रश्न येथेच सुटतो, बाकी आपण विद्वान आहात.

गोदाकाठ

मी नागपूरचा नाही, देवळालीकडचा आहे. पण कापरेकर मास्तरांचे नाव या धाग्यावर अजून आले नाही म्हणून राहवले नाही. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना ६१७४ ही संख्या मिळाली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, चारही अंक एकच नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. सिग्नलला समोरच्या गाडीच्या पाटीवर ३५२४ दिसले, असे समजू. ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. त्यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते, आणि जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तेथे पोहोचता येते.

आता ही गंमत आपल्या प्रश्नाला फार अडचणीची आहे. ६१७४ दहाच्या पायावर अवलंबून आहे आणि दहाचा पाया आपल्याला दहा बोटे असल्यामुळे आला. पाच बोटांच्या प्राण्याने पाचाच्या पायावर संख्या लिहिल्या असत्या, तर हाच विधी करताना त्याला आपल्याच ठिकाणी परतणारी ३०३२ ही संख्या भेटली असती. म्हणजे ६१७४ मध्ये अर्धा वाटा आपल्या बोटांचा आहे. परंतु चारऐवजी दोन अंक घेतले, तर स्थिर संख्या मिळतच नाही. ८१, ६३, २७, ४५, ०९ असे पाच जणांचे रिंगण फिरत राहते. चार अंकांना मुक्काम आणि दोन अंकांना वणवण, हे मास्तरांनी ठरवले नव्हते आणि दहाचा पाया निवडणाऱ्यांनीही ठरवले नव्हते.

शून्यमैल

सर्वांचे आभार. गोदाकाठ यांनी जे ६१७४ बद्दल दाखवले, तेच माझ्या मनात होते, पण इतके नेटके मांडता आले नसते. माझे टोपणनाव ज्या दगडावरून घेतले आहे, त्याचीही हीच कथा आहे. शून्य मैलाचा दगड नागपुरात असावा हे इंग्रजांनी ठरवले, तो दुसरीकडे रोवला असता तरी चालले असते. पण तेथे रोवल्यावर जबलपूर १७० मैल, हे ठरवणे त्यांच्या हाती राहिले नाही.

अंबाझरी यांच्या कपाटाविषयी बोलते, कारण तो आक्षेप मला सर्वांत जड गेला. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याला संख्या मानून त्याच्या बेरजा-गुणाकारांचे नियम दिले आणि धन व ऋण हे शब्द आजही आपण मुलांना शिकवतो. कपाट त्यानेच घडवले, असे म्हणू. त्याने असेही सांगितले की शून्याला शून्याने भागले तर शून्य येते. घडवणाऱ्याचा शब्द अखेरचा असता, तर वाद तेथेच मिटला असता. पण अपूर्णांकांच्या बेरजेचा नेहमीचा नियम लावून शून्य छेद शून्य आणि एक छेद एक यांची बेरीज करून पाहा. अंशात शून्य येते, छेदात शून्य येते, म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या नियमाने उत्तर शून्य. आणि सरळ बेरीज केली तर शून्य अधिक एक म्हणजे एक. कपाट ज्याने बनवले त्यालाच त्यात काय मावत नाही हे सांगता आले नाही. पाच शतकांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला ‘खहर’ असे वेगळे नाव देऊन बाजूला ठेवले. वर्गात कुणी ‘मॅडम, शून्याने भागले तर काय बिघडते?’ असे विचारले की मी हीच बेरीज फळ्यावर करते. ‘चालत नाही’ एवढे सांगून मुलांचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

आणि कळमना, वजनाच्या श्रेयाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, रास हे मी उदाहरण थोडे सैल घेतले. वजनाचा संबंध नसलेले देते. एका संत्र्याला एकाच वेळी त्याच्याच आकाराची किती संत्री टेकू शकतात? राशीच्या आतल्या संत्र्याला बारा टेकलेली असतात : भोवती सहा, वर तीन, खाली तीन. तेरावे बसेल का, यावर १६९४ मध्ये न्यूटन आणि डेव्हिड ग्रेगरी यांच्यात मतभेद झाला. न्यूटनचे उत्तर बारा, ग्रेगरीला तेराची शक्यता वाटत होती, आणि ग्रेगरी वेडा नव्हता. बारा संत्री समान अंतरावर ठेवली, तर मधल्या संत्र्याच्या केंद्रापासून पाहता शेजारच्या दोघांमध्ये सुमारे ६३.४ अंशांचा कोन पडतो, आणि एकमेकांना टेकण्यापुरते ६० अंश पुरतात. म्हणजे प्रत्येक जोडीत फट उरते. सगळ्या फटी एका बाजूला सरकवून तेरावे घुसवता येईल असे कुणालाही वाटेल. येत नाही, याची पक्की सिद्धता १९५३ मध्ये श्यूटे आणि व्हान डेर वेर्डन यांनी दिली.

अंबाझरी

ब्रह्मगुप्ताची बेरीज पटली. कपाट बनवणाऱ्याला कपाट पूर्ण माहीत नसते, एवढे मी मान्य करतो. पण मग एक प्रश्न उरतो, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मोजसंख्या (१, २, ३…) अनंत आहेत आणि रेषेवरचे बिंदू त्याहून मोठ्या अर्थाने अनंत आहेत, हे कॅन्टरने सिद्ध केले. या दोहोंच्या मधल्या आकाराचे तिसरे अनंत आहे का? नसावे, असे त्याने १८७८ मध्ये सुचवले. गणिताच्या प्रचलित गृहीतकांवरून हे खोटे ठरवता येणार नाही असे गोडेलने १९४० पर्यंत दाखवले, आणि खरेही ठरवता येणार नाही असे पॉल कोहेनने १९६३ मध्ये दाखवले. ‘आहे’ असे मानून गणित चालते, ‘नाही’ असे मानूनही चालते. जे सापडायचे होते ते जर तेथे असेलच, तर तेथे काय आहे? तेराव्या संत्र्याला निदान ‘नाही’ असे उत्तर तरी मिळाले.

शून्यमैल

याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि ओढूनताणून देणार नाही. या प्रश्नापुरते माझे ‘सापडते’ हे मत लंगडे पडते. इतकेच नोंदवते की स्वतः गोडेल, ज्याच्या कामामुळे आपला आक्षेप उभा राहतो, तो मात्र अखेरपर्यंत गणित सापडते याच मताचा होता; आपली आजची गृहीतके अपुरी आहेत आणि योग्य गृहीतक मिळाले की उत्तर कळेल, असे त्याने लिहिले आहे. त्याने लिहिले म्हणून ते खरे, असे मी वर्गात कधी म्हटले नाही आणि येथेही म्हणणार नाही. संत्री, अपूर्णांक, लंबवर्तुळ यांच्याबाबत मी माझ्या मताला धरून आहे. फार दूरच्या अनंतांबाबत अंबाझरी यांचे म्हणणे मला आज खोडता येत नाही.

कळमना

काल रात्री दुकान बंद केल्यावर एका आकाराची चौदा संत्री निवडून घेतली आणि टूथपिक खोचून तेरावे बसवायचा प्रयत्न केला. बारा सहज बसतात. फटी खरोखरच दिसतात आणि अकरा संत्री एका बाजूला रेटली की करंगळी जाईल एवढी जागा मोकळी होते. तेवढ्यात धाकटा म्हणाला, ‘बाबा, थोडे दाबून बघा’. दाबले, त्यात दोन संत्री फुटली.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणी दिले नाही, म्हणून मीच वाचून काढले. चपट्या फळांना केप्लरचा आकडा लागू होत नाही. प्रिन्स्टन येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की सारख्या आकाराची चपटी लंबगोल फळे घेतली तर जागा ७७ टक्क्यांपर्यंत भरता येते, आणि तेव्हा प्रत्येकाला चौदा शेजारी टेकलेले असतात. अंबाझरी म्हणतील की आकार आपण निवडला. निवडला खरा, पण चौदा हा आकडा कुणी निवडला नाही. अट एवढीच आहे की रुंदी उंचीच्या सुमारे १.७३ पटीहून जास्त हवी. माझ्या संत्र्याची पट जेमतेम १.१७ भरते. १.७३ म्हणजे जवळजवळ मेदूवडा झाला, आणि तसा माल अजून आमच्या गाळ्यावर आलेला नाही.